मोकळं व्हायचंय हे चित्रात कसं लिहायचं? नाशिकच्या एका भिंतीचं प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगतो. पंचवटीच्या बाजूला एका ट्रस्टची अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं तिथं दिवसरात्र बसलेली असतात, आणि तिच्या कंपाउंडची एक लांबलचक भिंत रस्त्याला लागून आहे. ट्रस्ट बघणाऱ्या काकांचं पूर्वी नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत मशिनिंगचं वर्कशॉप होतं, आता सगळं मुलाच्या हातात दिलंय आणि डोक्यात नवीन नवीन कल्पना चालू असतात. त्यांचं म्हणणं असं, की २०२७ च्या सिंहस्थाला जगभरातून माणसं येणार, त्यातली बरीच ह्या रस्त्यानं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाणार, तर भिंतीवर असं काहीतरी पाहिजे की कुठल्याही देशाचा, कुठल्याही भाषेचा, शिकलेला न शिकलेला माणूस बघेल आणि त्याला कळेल की माणसाला मोकळं जगायचंय. अक्षर एकही नको. "आणि नुसतं चित्र नको हां, लिपी पाहिजे," म्हणजे थोडीशी चिन्हं, ती जोडली की वाक्य झालं पाहिजे, उद्या दुसऱ्या कोणाला वापरायची असेल तर वापरता आली पाहिजे.

मी धंद्याने साईनेजवाला. कंपन्यांचे सेफ्टी बोर्ड, हॉस्पिटलमधले बाण, सोसायट्यांचे पार्किंग नंबर असलं करतो, त्यामुळे चिन्ह घाईतल्या माणसाला कळतं का हा माझा रोजचाच प्रश्न. आमच्या लाईनमध्ये ते तपासायची पद्धतही ठरलेली आहे, आयएसओ ९१८६ नावाचं स्टँडर्डच आहे त्यासाठी, माणसाला चिन्ह दाखवायचं आणि मोकळा प्रश्न विचारायचा, ह्याचा अर्थ काय वाटतो, पर्याय द्यायचे नाहीत, हिंट द्यायची नाही. अमेरिकेच्या एएनएसआय स्टँडर्डप्रमाणे सेफ्टीचं चिन्ह ८५ टक्के लोकांना बरोबर कळलं पाहिजे आणि घातक असा उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांच्या वर गेले तर चिन्ह बाद. ह्या प्रकरणात आम्हाला नडलं ते हे उलटं वाचणंच, न कळणं फारसं नडलं नाही.

सोबत दोघं होते. एक कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या मॅडम, आणि दुसरे पेठ तालुक्यातले गुरुजी, आश्रमशाळेत शिकवतात आणि सुट्टीत भिंतींवर वारली काढायची कामं घेतात.

आता हा उद्योग काही आपण पहिल्यांदा करत नव्हतो. १६६८ मध्ये इंग्लंडात जॉन विल्किन्सने जगातल्या सगळ्या गोष्टींची वर्गवारी करून प्रत्येकीला चिन्ह देणारी लिपी मांडली होती, जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझलाही आयुष्यभर तसंच काहीतरी करायचं होतं. १९२० च्या दशकात व्हिएन्नात ओटो न्यूराथने चित्रांतून आकडेवारी सांगायची पद्धत काढली, तिला पुढे आयसोटाईप म्हणायला लागले, आज आपण बघतो ते बाथरूमच्या दारावरचे बाई-पुरुष त्याच घराण्यातले म्हणता येतील. पण न्यूराथ हुशार होता, तो ह्याला पूर्ण भाषा म्हणत नव्हता, भाषेला मदत म्हणायचा.

ह्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे चार्ल्स ब्लिस, आणि त्याची गोष्ट मी काकांना पहिल्याच मीटिंगला सांगितली. १८९७ चा जन्म, चेर्नोवित्स नावाच्या गावात, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आता युक्रेनमध्ये आहे, आणि तिथं गल्लीगणिक वेगळी भाषा. शिकून केमिकल इंजिनिअर झाला, ज्यू होता म्हणून १९३८ मध्ये नाझींनी उचलून दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं, तिथून सुटून इंग्लंड आणि मग शांघाय. शांघायमध्ये त्याने बघितलं की चिनी लोक एकमेकांची बोली समजत नसले तरी पाटी वाचतात, आणि त्याच्या डोक्यात बसलं की जगातली भांडणं भाषेमुळे आहेत, सगळ्यांना एक चित्रलिपी दिली तर शब्दांचा खेळ करून लोकांना भडकवता येणार नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने ती छापली. लिपी खरंच डोक्यालिटीने केलेली आहे, मोजके मूळ आकार, आणि वर छोटी खूण लावून तोच आकार वस्तू आहे की क्रिया आहे की मत आहे ते दाखवायचं, क्रियेची खूण म्हणजे ज्वालामुखीच्या टोकासारखा कोन. जगभर पत्रं पाठवली, कोणी विचारलं नाही.

मग १९७१ मध्ये कॅनडात टोरांटोच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि तिच्या सहकाऱ्यांना ही लिपी सापडली, त्यांच्याकडची मुलं सेरेब्रल पाल्सीची, बोलता येत नाही, हात वळत नाही, पण डोकं एकदम शाबूत. पोरांच्या समोर बोर्डावर चिन्हं ठेवली आणि पोरं बोलायला लागली, नजरेने, बोटाने, जमेल तसं. म्हणजे छावणीतून सुटलेल्या माणसाने जगाच्या शांततेसाठी केलेली लिपी शेवटी उपयोगी पडली ती स्वतःच्याच शरीरात अडकलेल्या मुलांना. ब्लिस आधी खूश झाला, मग चिन्हं आपल्या म्हणण्याप्रमाणे वापरत नाहीत म्हणून भांडायला लागला, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, १९८२ मध्ये कुठं मिटलं. १९८५ मध्ये तो गेला. काकांना ही गोष्ट फार आवडली, पण त्यांनी त्यातून काय घेतलं ते पुढे येईलच.

पहिल्या फेरीला आम्ही सरळ रस्ता धरला. स्वातंत्र्य म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते सगळं काढलं, तुटलेली साखळी, उडणारा पक्षी, उघडं दार, मशाल, पतंग, वर केलेली मूठ, डोंगरावर हात पसरून उभा माणूस. ए-फोर कार्डांवर जाड काळ्या रेषेत, रंग नाही, आणि कार्ड घेऊन माणसांकडे गेलो.

मशाल आणि पतंग पहिल्याच दिवशी गेले. कारण कोणीही सांगेल. महाराष्ट्रात मशाल दाखवली की माणूस एक तर हसतो नाही तर सावध होतो, पतंगाचंही तेच, येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगांशिवाय काही चालत नाही पण कार्डावर छापलेला पतंग बघून लोक म्हणे "प्रचार आहे का?" घड्याळ, हात, कमळ, बाण, इंजिन, तुतारी, आपल्याकडे चांगलं चिन्ह कुठलं मोकळं राहिलंय सांगा. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह, तिथून ही सवय लागली. निवडणूक आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी ही चित्रं पेन्सिलने काढायचे, पंखा, शिलाई मशीन, टेबल, घरात दिसणाऱ्या वस्तू. माझं तर मत आहे की चिन्हावरून बाजू ओळखण्यात भारतीय मतदाराइतका तयार वाचक जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल, पण त्याचमुळे त्याला चिन्ह दिसलं की आधी "कोणाचं?" हा प्रश्न पडतो, "काय?" नंतर.

मुठीचं सातपूरला, कारखान्यांच्या भागात, लगेच उत्तर आलं, "युनियन". बरोबरही आहे म्हणा.

खरी मजा पुढे. दिंडोरीच्या बाजूला एका द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, बायकांची टोळी आली होती, पेठ-सुरगाण्याकडच्या, गुरुजींच्या ओळखीच्या, जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसल्या होत्या. तुटलेल्या साखळीचं कार्ड दाखवलं. एका मावशीने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं आणि म्हणाली, "दावं तुटलंय." मी मनात म्हटलं चला, कळलं. पुढे काय झालं असेल, असं गुरुजींनी विचारलं तर म्हणे, "काय होणार, गाय गेली ना तोडून. आता हिंडा शोधत रातभर." बाकीच्या सगळ्या हो हो म्हणाल्या, आणि मग कोणाची गाय कधी कशी गेली होती त्याच्या गोष्टी सुरू झाल्या. पक्ष्याचं कार्ड काढलं तर बागेचा मालकच मध्ये बोलला, त्याने जाळीवर केवढा खर्च केलाय ते सांगितलं, द्राक्षात साखर भरायला लागली की पाखरं उतरतात, एकेका घडाला चोच मारून ठेवतात, त्याच्या दृष्टीने उडणारं पाखरू म्हणजे खाऊन गेलेलं पाखरू. उघड्या दाराचं आमच्याच अभ्यासिकेच्या वॉचमनने सांगितलं, "चोरी झाली."

संध्याकाळी परत येताना मॅडम गाडीत म्हणाल्या की तिन्ही उत्तरं चुकीची नाहीयेत, ती एकाच बाजूने दिलेली आहेत. साखळी तुटली ही गाईची बातमी वेगळी आणि मालकाची वेगळी. पाखराची वेगळी, बागायतदाराची वेगळी. आम्ही काढलेल्या एकाही कार्डात "हे कोण सांगतंय" ते नव्हतं, आणि ते नसलं की बघणारा आपोआप ज्याच्याकडे काहीतरी आहे आणि ते जायची भीती आहे त्या माणसाच्या जागी जाऊन बसतो, भले त्याच्याकडे काहीच नसो. टोळीतल्या मावशीकडे स्वतःची गाय आहे की नाही देव जाणे.

इथून सगळं काम फिरलं. मॅडमनी सांगितलं की अमेरिकन साईन लँग्वेजमध्ये मोकळं ह्या अर्थाची खूण म्हणजे दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरायची, बांधल्यासारखी, आणि झटकन बाजूला करायची. ती खूण करणारा माणूस स्वतःच बांधलेला असतो आणि स्वतःच सुटतो, प्रेक्षक होऊन ती करताच येत नाही. कागदावर तसं काय करायचं? आम्ही ठरवलं की लिपीतलं पहिलं चिन्ह स्वातंत्र्याचं नसेल, "मी" चं असेल, आणि प्रत्येक वाक्य त्याने सुरू होईल. गोल डोकं, खाली छातीवर टेकलेला हात, बास. कर्णबधिर मुलांना ते विचारावंच लागलं नाही, त्यांनी कार्ड बघितलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

डोंगरावरच्या माणसाचं राहिलं. जाहिरातीत हा असतोच, सूर्य मागे, हात पसरलेले, इन्शुरन्स असो नाही तर चहा. गुरुजींच्या शाळेतल्या पोरांनी सांगितलं की हा हरवलाय, हाका मारतोय. गुरुजी हसले, म्हणाले अहो आमच्या तारप्याच्या नाचात बघा, सगळे एकमेकांना धरून वेटोळं, मध्ये तारपा वाजवणारा, कोणी एकटा सुटला तर त्याला काही झालंय असं समजतात. त्यामुळे "मी" च्या शेजारी दुसरं चिन्ह "आपण" आलं, आणि वाक्य दोन्हींपैकी कशानेही सुरू करता येईल असं ठरलं. माझ्या मते हा ह्या लिपीतला सगळ्यात चांगला निर्णय आहे आणि तो माझा नाही.

मग चिन्ह पाहिजे होतं अडवणाऱ्या गोष्टीचं. आम्ही चौकट काढली, आत माणूस, मग चौकट फुटलेली, मग बाहेर माणूस. तीन चित्रांची पट्टी. जुन्या नाशकात, चौक मंडईच्या बाजूला, उर्दू शिकणारी पोरं होती, त्यांच्यासमोर पट्टी ठेवली. एक पोरगा जोरात वाचत गेला: आदमी घूम रहा है, दीवार टूटी थी, अब बंद कर दिया. मी दोन सेकंद ब्लँक. मग लक्षात आलं की तो उजवीकडून वाचतोय, आणि त्याच्या बाजूने तो शंभर टक्के बरोबर आहे. स्वातंत्र्याची पट्टी उलटीकडून वाचली की अटकेची पट्टी होते, एएनएसआयचं पाच टक्क्यांचं कलम इथं जागच्या जागी लागू. बाण टाकले तर ती ट्रॅफिकची पाटी दिसायला लागली. शेवटी पावलं आली, अनवाणी पावलं, कारण टाच आणि बोटं दिसली की दिशा कोणाला शिकवावी लागत नाही, डावीकडून बघा उजवीकडून बघा. फक्त बायका म्हणायच्या, लक्ष्मी आत आली. चौकट घरासारखी दिसत होती ना.

चौकटीचा निकाल दुसऱ्याच माणसाने लावला. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक बाबा अभ्यासिकेत पेपर वाचायला येतात, ते आमची कार्डं टेबलावर पसरलेली बघत होते. म्हणाले, तुम्ही सगळीकडे माणूस आत कोंडलाय आणि बाहेर पडतोय. आमच्या लोकांसाठी दार बाहेरून बंद नव्हतं, आतून बंद होतं. इथून चालत गेलं तर काळाराम मंदिर किती लांब आहे?

एवढंच बोलले. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी त्या मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं रेटला, लोक गेटसमोर उभे राहायचे, रथयात्रेच्या वेळी मारही खाल्ला, मंदिर काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. त्याआधी १९२७ ला महाडचं तळं. दोन्हीकडे मागणी आत जायची होती, पाण्यापर्यंत, दारापर्यंत. आणि आम्ही नाशकात बसून, त्याच मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, सगळी स्वातंत्र्याची वाक्यं "बाहेर" ह्या दिशेने लिहीत होतो, कारण पिंजरा, तुरुंग, साखळी ही चित्रं आपल्या डोक्यात आधीच भरलेली आहेत.

चौकट काढून टाकली. तिच्या जागी फक्त एक रेघ, जाड, उभी. रेघेला आतबाहेर नसतं. पावलं रेघेपाशी थांबली की अडवलंय, रेघेच्या पलीकडे गेली की गेलो, आणि कुठल्या बाजूने कुठं ते वाक्य लिहिणारा ठरवणार. रेघेवर एक छोटा हात काढला की ही रेघ कोणीतरी ओढलीय, आपोआप आलेली नाही. लक्ष्मीही गेली आणि तुरुंगही गेला. सांगायला एका ओळीचं आहे हे, पण मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात लिपी इथं झाली.

त्यानंतर बाकीची चिन्हं पटापट पडली, ओझं, तोंड, डोळा, निजलेला माणूस, वगैरे. वेळेसाठी घड्याळ काढलं तर गुरुजी म्हणाले पुन्हा प्रचार का, म्हणून डोंगरामागे बुडता सूर्य घेतला. आणि आता आम्ही प्रश्न बदलला. ह्याचा अर्थ काय असं न विचारता चिन्हांची लाकडी ठोकळ्यांची पिशवी लोकांपुढे ओतायची आणि म्हणायचं, तुमचं लावा. टोळीतल्या त्याच मावशीने लावलं: आपण, ओझं, रेघ, बुडता सूर्य, निजलेला माणूस. वाचून दाखव म्हटलं तर म्हणाली दिवस बुडला की घरी सोडा, मुकादम सोडत नाही. एका पोरीने मी, डोळा, रेघेवर हात एवढंच लावलं आणि सांगायला तयार नाही, मैत्रीण म्हणाली हिचा भाऊ हिचा मोबाईल चेक करतो. अंबडच्या नाईट शिफ्टवाल्याने नुसता निजलेला माणूस ठेवला आणि बाकीची पिशवी परत केली. ह्यात स्वातंत्र्य नावाचं चिन्ह कुठंच नाही आणि कोणी मागितलंही नाही.

काकांनी मागितलं. त्यांचं म्हणणं, हे सगळं ठीक आहे पण भिंतीच्या मधोमध एक मोठं, पितळेचं, एकच चिन्ह पाहिजे, जगाचं स्वातंत्र्याचं चिन्ह, आणि ते ट्रस्टच्या नावाने रजिस्टर करून टाका. ब्लिसच्या गोष्टीतून त्यांनी घेतलं ते हे, की त्याने आधीच नीट कागदपत्रं केली असती तर भांडण झालं नसतं. मी म्हटलं अहो काका, उलट बघा, १९५८ मध्ये जेराल्ड होल्टमने इंग्लंडात अणुबॉम्बविरोधी मोर्चासाठी ते शांततेचं चिन्ह काढलं, गोलात उभी रेघ आणि खाली दोन तिरक्या, त्यावर कोणी मालकी सांगितली नाही म्हणून ते जगभर गेलं, व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेत गेलं, टीशर्टवर गेलं, आपल्या रिक्षांच्या मागेही दिसतं.

काका गप्प बसणारे नाहीत. म्हणाले, मग तेच बघ ना, त्या चिन्हात कुठं दिसतंय शांतता? आणि इथं ते बरोबर होते. होल्टमने ते झेंड्यांच्या सेमाफोर खुणांवरून केलंय, एन आणि डी ही दोन अक्षरं एकावर एक ठेवून, न्यूक्लिअर डिसआर्मामेंटची. सेमाफोर कोणाला येतं? कोणालाच नाही. माझ्या ८५ टक्केवाल्या टेस्टमध्ये ते चिन्ह पहिल्याच फेरीत बाद झालं असतं. प्रेसवाल्या बाबांनी त्यात भर घातली, नोटेवर अंध माणसासाठी उठावाचा आकार असतो, शंभरला त्रिकोण, पाचशेला गोल, त्रिकोणात शंभर कुठं आहेत? सांगावं लागतं, हात फिरवत राहिलं की बसतं. आणि उलटं उदाहरण पांडवलेणीला आहे, सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख, ब्राह्मी अक्षरं एवढी ठसठशीत की पायऱ्या चढून गेलं की लगेच दिसतात, आपली देवनागरी त्यातूनच उतरलेली, पण वापर सुटला तर शेकडो वर्षं कोणाला एक अक्षर लागलं नाही, १८३७-३८ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने ब्राह्मी उलगडली तेव्हा कुठं दार उघडलं. म्हणजे दिसल्या दिसल्या कळणं हा एक भाग, आणि लोकांच्या हातात राहणं हा दुसरा, आणि दुसरा जास्त वजनाचा आहे असं आता मलाही वाटतं. त्यासाठीच तर ते रजिस्टर नको. हा वाद मिटलेला नाही. पितळेच्या चिन्हाची जागा भिंतीवर मोकळी सोडलीय, काका येतात, बघतात, जातात.

भिंतीचं सांगतो. खालच्या पट्ट्यात लोकांनी लावलेली वाक्यं उठावात केली, हात फिरवता येईल अशी, वरचा भाग काळ्या फळ्याच्या रंगाचा, खडू ठेवलेत, ज्याला लिहायचंय त्याने लिहावं. पहिल्या रंगकामाला एक घोटाळा झाला, गुरुजींचा हात सवयीने त्रिकोणाच्या माणसांकडे गेला आणि येणारा जाणारा म्हणायला लागला, वा, छान वारली आहे. सेल्फी सुरू. कोणी वाचेना. शैली इतकी ओळखीची की तिने मजकूरच खाऊन टाकला, लोकांना वाटलं ब्यूटीफिकेशन आहे, पुलांखाली असतं तसं. गुरुजींनी स्वतःच पुसून काढलं, म्हणाले ही आमची आहे, ही सगळ्यांची करायची तर वेगळी दिसू दे. आता माणूस त्रिकोणाचा नाही, गोल आणि एक जाड वाक, एवढाच. परदेशी माणसांवर टेस्ट अजून व्हायचीय, त्र्यंबकला आणि वायनरीला जाणारे काही भेटले त्यांनी पावलं आणि रेघ लगेच वाचली, रेघेवरच्या हाताला दोघातिघांनी "थांबा" म्हटलं. थांबाच आहे खरं तर ते.

एक गोष्ट मात्र अजिबात सुटत नाहीये, ती म्हणजे "नको". स्वातंत्र्याची निम्मी वाक्यं नकोवर उभी असतात, हे लग्न नको, ही ड्युटी नको, माझ्या नावाने तुम्ही बोलणं नको. चिन्हांच्या जगात नकाराचं एकच रूप सगळ्यांना पाठ आहे, लाल गोल आणि त्यातून तिरकी रेघ, जगभर तेच, मी स्वतः आजवर शेकडो लावलेत. पण ते नकाराचं चिन्ह नाही, मनाईचं आहे, वरून खाली येणारं, कंपनीने कामगाराला सांगितलेलं. ते आमच्या पावलं-रेघेवर टाकलं की वाक्याचा अर्थ होतो "ओलांडू नका". फुली मारली तर लोक म्हणतात चूक आहे, मास्तरांनी मारतात तशी. समोर धरलेला तळहात काढला तर तुम्हाला माहितीये काय म्हणणार. मॅडमच्या शाळेतली मुलं तोंड फिरवून नको म्हणतात, चेहरा बाजूला आणि डोळे मिटलेले, ते गोल डोक्यावर काढून बघितलं तर बांधावरच्या बायकांनी "रुसलीय" म्हणून वाचलं. गुरुजींचं म्हणणं, "मी" चं चिन्ह घ्यायचं आणि पावलं रेघेकडे न नेता उलटी, टाच रेघेकडे, म्हणजे मी येत नाही. मला ते पटतंय पण त्यात आणि "निघून गेलो" मध्ये फरक कसा करायचा ते कळत नाही. सध्या दोन्ही रूपं फळ्यावर खडूने काढून ठेवलीत, तोंड फिरवलेलं आणि टाच फिरवलेली, लोक कुठलं उचलतात ते दिवाळीपर्यंत बघायचं आणि तेच ठोकळ्यांच्या पिशवीत टाकायचं असं ठरलंय, काकांनी टाचेच्या बाजूने मत दिलंय.